तीन ठिकाणचा शनी

"घर एकच असतं, आणि ते बापाच्या गावाला असतं!" बाबा म्हणाले.

"अस्सं? म्हणजे माझ्या माहेरावर आकाशच नाही वाटतं. नुसता पत्रा ठोकलाय वर," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात सुरी होती. पेरूच कापत होती, पण बाबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"मी आकाशाचं म्हणत नाहीये, नोंदीचं म्हणतोय. मूळ गाव म्हणजे मूळ गाव. इतकी वर्षं कचेरीत बसून लोकांची मूळ गावं लिहितोय मी."

"मग आज माझंही लिहा."

मध्ये मी. माझ्या पुढ्यात लॅपटॉप, आणि त्याच्यावर एक चौकोन: मुख्य ठिकाण निवडा. ठिकाणं हवी तेवढी भरा, पण मुख्य एकच. हे ज्या जर्मन माणसाने बनवलं त्याचं लग्न झालेलं नसणार.

"बाबा, ते फक्त विचारतंय, चालू केल्यावर पहिल्यांदा कुठलं आकाश दाखवू. जमिनीचा तुकडा नाही मागत तुमच्याकडे."

"तू मध्ये बोलू नकोस," दोघं एकदम म्हणाले. आमच्या घरात एकमत होतं ते एवढ्याच बाबतीत.

तर गोष्ट अशी. दुर्बीण बाबांची. ती लावायला जागा तीन. एक आमच्या चियाई शहरातल्या बिल्डिंगची गच्ची. दुसरी समुद्राकाठी तुंगशीला, आजोबांच्या घराजवळ देवळापुढचं मैदान. तिसरी डोंगरात, मामाच्या चहाच्या मळ्यात. तिन्हीकडचं आकाश एकच, असं आईला वाटतं. तसं नसतं. गच्चीवरून पूर्व दिसत नाही, मामाकडून पश्चिम दिसत नाही, आणि आजोबांकडून सगळं दिसतं पण वारा दुर्बीण हलवतो. म्हणून असं सॉफ्टवेअर हवं, की ज्याला तिन्ही जागा माहीत आहेत, आणि जे सांगेल की या शनिवारी कुठे जा, कधी उभं राहा आणि कुठे बघा.

आता हे मी का करत होतो? मला काय तारे मोजायची हौस नाही. मी शाळा सोडली. का सोडली ते विचारू नका, सगळे विचारतात आणि मग माझं डोकं फिरतं. डोंगरात थांग बाईंचं पाहुण्यांचं घर आहे. त्या पाहुण्यांना संध्याकाळी तारे दाखवतात. त्यांना मदतीला माणूस हवा होता आणि मी त्यांना चालणार होतो. पण मी अजून अठराचा नाही, तेव्हा कागदावर बापाचा शिक्का पाहिजे. आमच्याकडे सहीला कुत्रं विचारत नाही, शिक्का लागतो. बाबांच्या नावाचा शिक्का बोटाएवढा, कपाटाच्या खणात, आणि खणाची किल्ली बाबांच्या पट्ट्याला.

"एक काम," बाबा म्हणाले होते. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच टाकून न देता, आणि कुणावरही न ओरडता. सॉफ्टवेअर निवड, तिन्ही ठिकाणं भर, एक संध्याकाळ नीट पार पाड. मग शिक्का. नाहीतर पुढच्या सत्राला गणवेश."

टाकून न देणं एक वेळ जमलं असतं. न ओरडणं? या घरात?

पहिली अडचण म्हणजे बाबा सरकारी माणूस. मी म्हटलं, हे एक चांगलं दिसतंय, घेऊ. ते म्हणाले, "असं एकच बघून घेतात का? किमान तीन निविदा." म्हणून तीन. एक जर्मन, एक जपानी, एक फुकटचं. जपानी इतकं नम्र होतं की प्रत्येक गोष्ट करायच्या आधी परवानगी मागायचं, आणि दिली की पुन्हा विचारायचं, नक्की ना? फुकटचं दर थोड्या वेळाने शनीच्या जागी केस वाढवायच्या तेलाची जाहिरात दाखवायचं. बाबांनी ती जाहिरात दोनदा पूर्ण पाहिली. राहिलं जर्मन.

"आज नको चढवू," खालच्या मजल्यावरच्या चुआंग काकू म्हणाल्या. जिन्यात त्यांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. "पंचांग बघितलंस का? आजचा दिवस केस कापायला आणि भिंत पाडायला चांगला. नव्या कामाला वाईट."

"काकू, हे कॉम्प्युटरचं आहे."

"मग माझ्या जावयाला विचारते. शिंचूला चिपच्या कारखान्यात आहे तो."

जावयाने उत्तर पाठवलं: बंद करून चालू करा. अजून काही चढवलंच नव्हतं, तरी त्याचं हे उत्तर तयार. मोठ्या पगाराचे लोक असेच असतात. आणि बाबांनी गुपचूप पंचांग पाहिलं, आणि आम्ही खरंच चांगल्या दिवसापर्यंत थांबलो. मधल्या वेळात मी केस कापून आलो, तेवढाच दिवसाचा उपयोग.

मग गच्ची. या सॉफ्टवेअरला प्रत्येक जागेचा कडेचा नकाशा द्यावा लागतो. म्हणजे कुठल्या दिशेला काय आडवं येतं आणि किती उंच. मी गच्चीवर होकायंत्र घेऊन गोल फिरलो आणि प्रामाणिकपणे सगळं भरलं: पाण्याच्या टाक्या, समोरच्या हॉटेलची पाटी, आणि पूर्वेला चुआंग काकूंनी गच्चीवर बांधलेली पत्र्याची खोली. नकाशात मी तसंच लिहिलं, 'चुआंग यांची पत्र्याची खोली, उंची अमुक अंश'. छापलं. आणि कागद लिफ्टमध्ये पडला.

ती खोली परवानगीची नाही. कुणाचीच नसते, सगळ्या चियाईच्या गच्च्या पत्र्याच्याच आहेत. पण आमचे बाबा सरकारी कचेरीत, आणि कागदावर दिशा, उंची, नाव. काकूंनी तो कागद वाचला आणि थेट आमच्या दारात.

"पाडायला देताय का माझी खोली? सांगा ना सरळ! मी तुमच्या पोराला लहानपणी सूप पाजलंय!"

"काकू, ते ताऱ्यांसाठी आहे."

"तारे माझ्या खोलीची उंची कशाला विचारतील?"

मी ओरडणार होतो. बाबांनी पट्ट्याच्या किल्लीला नुसता हात लावला. मी दात आवळले.

काकू आमच्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे आमच्याबद्दल इतर सगळ्यांशी बोलायला लागल्या. शेवटी वॉर्डप्रमुख शीए साहेबांनी बाबांना आणि काकूंना बोलावलं, छोट्या कपात चहावर चहा ओतला आणि प्रकरण मिटवलं. शीए साहेबांचं वैशिष्ट्य असं की ते एक भांडण मिटवतात आणि त्यातून एक कार्यक्रम काढतात. निवडणूक जवळ आली होती.

"काओ साहेब, एवढं शास्त्रीय काम तुम्ही घरातल्या घरात करताय!" ते बाबांना म्हणाले. "वॉर्डाच्या ज्येष्ठांची सहल आहेच. बस ठरलीये. तुंगशीला जाऊ, कालवं खाऊ, आणि अंधार पडला की तुमचा मुलगा सगळ्यांना शनी दाखवेल. चुआंग काकू पहिल्या."

"मला कडं दिसलं पाहिजे," काकू म्हणाल्या. "कड्याशिवाय मी यायची नाही."

बाबा हो म्हणाले. मला कुणी विचारलं? एक साधी संध्याकाळ ठरली होती, बाप, लेक आणि दुर्बीण. तिची आता बसभर माणसं झाली. गाण्याच्या माइकसकट.

आणि मग ते मुख्य ठिकाण. वर सांगितलेलं भांडण जेवणापर्यंत चाललं. तेवढ्यात आजोबांचा फोन. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की यादीत त्यांचं घर तिसऱ्या नंबरवर आहे.

"तिसरा? मी? माझ्या आधी चहावाला?"

"अहो आजोबा, अक्षरांच्या क्रमाने लागतं ते."

"अक्षरांनी तुझ्या बापाला जन्म दिला का?"

मी फोन बाबांकडे दिला, बाबांनी आईकडे दिला, आईने खिडकीत ठेवला. शेवटी मी मुख्य ठिकाण म्हणून बाबांची कचेरी टाकली. आयुष्य तिथेच गेलंय त्यांचं. आईला ते पटलं, बाबांना अभिमान वाटला, आणि तिथून ट्यूबलाइटशिवाय काहीही दिसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुंगशीच्या देवळापुढे मोठे दिवे आहेत, रंग बदलणारे. ते घालवल्याशिवाय काही दिसणार नाही. देवळाचे कारभारी म्हणाले, "आमची हरकत नाही, पण देवाला विचारावं लागेल." विचारायचं म्हणजे लाकडाच्या दोन फोडी जमिनीवर टाकायच्या. एक पालथी एक उताणी पडली तर देव हो म्हणाला. कारभाऱ्यांनी टाकल्या, दोन्ही पालथ्या. नाही. पुन्हा टाकल्या, दोन्ही उताण्या, म्हणजे देव हसतोय.

"प्रश्न नीट विचारा," बाबा म्हणाले. "अर्ज मोघम आहे. कुठले दिवे, किती वेळ, ते नमूद करा."

कारभाऱ्यांनी नमूद केलं: पुढचे दिवे तेवढे, बस परत जाईपर्यंत. फोडी पडल्या, एक पालथी एक उताणी. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही देव त्यांच्याच खात्यातला आहे.

शेवटचं काम योजना काढायचं. मी डोळे फुटेपर्यंत तुंगशीची कड भरत होतो, देऊळ, बंधारा, बर्फाचा कारखाना. उठून पाणी प्यायला गेलो तर बाबा माझ्या खुर्चीत.

"तारीख मी भरतो. तारखा माझं काम आहे. आजवर एक तारीख चुकली नाही माझी."

भरली. बटण दाबलं. सॉफ्टवेअरने योजना दिली: शनी, सूर्य मावळताच पश्चिमेला, समुद्राच्या वर. चंद्र नाही. यापेक्षा सुंदर योजना असूच शकत नाही. बंधाऱ्यावर खुर्च्या मांडायच्या, समुद्राकडे तोंड करायचं, झालं.

"चंद्र नाही कसा?" आई म्हणाली. ती फळं धूत होती. "शनिवारी पंधरावी. देवापुढे ठेवायला फळं आणलीयेत मी. पौर्णिमेला चंद्र नाही तर जाणार कुठे?"

"जर्मन लोक चंद्र विसरतील का?" बाबा म्हणाले.

आठवडाभर पाऊस होता, ढग होते, चंद्र कुणी पाहिलेला नव्हता. आणि खरं सांगतो, आईचं फळांवरचं खगोलशास्त्र मानायचं तर मग एवढं सगळं केलं कशाला? मी बाबांची बाजू घेतली. अनेक वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी आभाळ धुतल्यासारखं निघालं. बसमध्ये शीए साहेबांनी तीन गाणी म्हटली, तिन्ही दुःखी. तुंगशीला आजोबा बंधाऱ्यावर नवा शर्ट घालून उभे, गावातल्या चार म्हाताऱ्यांना सांगत होते, "माझा मुलगा शास्त्रीय आहे. नातूही होईल." मी खुर्च्या मांडल्या, सगळी तोंडं पश्चिमेला. दुर्बीण लावली. देवाने कबूल केलेले दिवे गेले. सूर्य बुडाला.

मी बघितलं. काही नाही. जरा डावीकडे. काही नाही. पुन्हा योजना वाचली, पुन्हा बघितलं. एक मासेमारीची होडी दिसली. होडीवरचा माणूस नाकात बोट घालत होता, अगदी स्पष्ट.

"दिसलं का कडं?" चुआंग काकू पहिल्या रांगेतून.

"थांबा जरा."

"थांबलेच आहे. या वयात दुसरं काय करणार?"

अंधार दाटत चालला. शीए साहेबांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगंबाई, माझी सावली का पडतीये?"

खरंच पडत होती. सगळ्यांच्या पडत होत्या, लांब लांब, समुद्राच्या दिशेने. आख्खी रांग वळली. मागे, देवळाच्या छपरावरच्या रंगीत ड्रॅगनच्या पाठीवर, परातीएवढा चंद्र.

"हाच का शनी?" एक आजोबा म्हणाले.

"आरं, हा चंद्र! तोच आपला!"

मी उडी मारून लॅपटॉपपाशी. ठिकाण बरोबर. दिशा बरोबर. तास बरोबर. साल: एकशे चौदा.

जग दोन हजार पंचवीस लिहितं तेव्हा आमचं सरकार एकशे चौदा लिहितं. बाबांनी आयुष्यभर तेच लिहिलंय, जन्माला, लग्नाला, मरणाला. जर्मन डब्याला काय माहीत? त्याने बिनतक्रार त्याच्या एकशे चौदा सालचं आकाश काढून दिलं. मी बसभर म्हाताऱ्या माणसांना एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या शनीसमोर बसवलं होतं.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ. छातीत हवा भरली होती. बाबा समोर, आजोबा त्यांच्या बाजूला, नव्या शर्टात, शास्त्रीय मुलाच्या बापाचं तोंड करून उभे. मी तोंड मिटलं. दुर्बीण गर्रकन फिरवली आणि म्हणालो, "कार्यक्रमात बदल. आधी चंद्र!" आणि बोटाने दाखवला.

आता, चंद्राला बोट दाखवू नये. आमच्याकडे तो कान कापतो. वॉर्डाच्या सगळ्या आज्या एकदम किंचाळल्या. "माफी माग! हात जोड! याचा कान गेला!" मला धरून चंद्राकडे तोंड करून उभं केलं, कमरेत वाकवलं, तीनदा. एवढा अपमान माझा शाळेतसुद्धा झाला नव्हता. आणि वाकलेलो असताना ऐकू आलं, बाबा शीए साहेबांना सांगतायत, "मुलगा आहे हो. टाइप करताना काहीतरी चुकलं असेल त्याचं."

त्याचं!

मी देवळामागे गेलो. तिथे कालवांच्या शिंपल्यांचा ढीग असतो. त्या ढिगाला लाथ मारली आणि मला येतात तेवढे सगळे शब्द त्याला ऐकवले. बूट फाटला. मग परत आलो, साल बदललं, आणि लॅपटॉप बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. जुना आकडा, नवा आकडा. नव्या योजनेत शनी चंद्राजवळच होता, पूर्वेला. म्हणजे सूर्य बुडाल्यापासून तो आमच्या पाठीमागे बसलेला होता.

काकूंनी कडं पाहिलं. "एवढंच? टीव्हीत मोठं असतं," म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या.

परतीच्या बसमध्ये शीए साहेब चौथं गाणं लावणार, तेवढ्यात बाबा उठले. माइक घेतला. त्यांनी कधी कुणासमोर माइक घेतलेला नाही.

"नागरिकहो," बाबा म्हणाले. "आज संध्याकाळच्या योजनेत सालाची नोंद चुकली. सदर नोंद मुलाने नाही, मी केली. वर्ष एकशे चौदा असं लिहिलं गेलं. मुलाचं काम बरोबर होतं."

मागून एक आजोबा म्हणाले, "पण एकशे चौदाच चालू आहे ना?"

"हो, एकशे चौदाच! माझ्या औषधाच्या पाकिटावर आहे!"

"मग चुकलं कुठे?"

"नाही, म्हणजे बाहेरच्या हिशेबाने..." बाबा म्हणाले.

"बाहेरचे गेले उडत!" चुआंग काकू सीटवरून उठल्या. "काओ साहेब, साल तुमचं बरोबर आहे. तो जर्मन डबा खोटा. तुम्ही कशाला स्वतःवर घेता? किती भला माणूस!"

टाळ्या. शीए साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की वॉर्डातर्फे जर्मनीला निषेधाचं पत्र जाईल. बाबांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. कुणी ऐकेना. ते माइक हातात धरून तसेच उभे. तेवढ्यात शीए साहेबांनी लावलेलं चौथं गाणं सुरू झालं आणि बसने त्यांना म्हणायला लावलं.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाने चूक कबूल केली, आणि आख्ख्या बसमध्ये ती कळणारा मी एकटा. गाणं म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते. गाणंही चुकलं.

सकाळी खण उघडल्याचा आवाज आला. टेबलावर माझा कागद.

"ओरडला नाहीस," बाबा म्हणाले.

"शिंपल्यांवर ओरडलो."

"शिंपल्यांची नोंद नसते."

शिक्क्यावर फू केली, लाल शाईत टेकवला, कागदावर ठेवला आणि इतका वेळ दाबून धरला की मला वाटलं आता मन बदलणार. मग उचलला. सरळ उमटला होता, एकदम स्पष्ट. मी थँक्यू म्हणणार होतो, पण ते म्हणाले, "डोंगरात थंडी असते," आणि आत गेले, आणि मीही मग दुसरं काहीतरी म्हणालो, फाटक्या बुटाबद्दल.

बॅग भरून झालीये. आई पेरू कोंबतीये, चुआंग काकू जिन्यातून सांगतायत की आजचा दिवस प्रवासाला बरा नाही. खाली थांग बाईंची गाडी आलीये, हॉर्न वाजतोय. आणि हे काय, खिडकीतून दिसतंय, बाबा कचेरीची बॅग घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसलेत. पट्टा लावून. रजा टाकलीये म्हणे, फक्त पोचवून येतो. थांग बाईंना काहीतरी समजावतायत, हात हलवून. मला आता निघायलाच हवं.